कोंबड्या मोजणारं गाव

फार फार वर्षांपूर्वी, भुतांनाच जेव्हा माणसांची भीती वाटायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी मन लावून ऐकावी. मोठ्यांनी जमलं तर खाली मान घालून ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाची एक जुनी चाल होती. काही वर्षं गेली की गुरव देवाला कौल लावी, आणि देवाने कौल दिला की अख्खं गाव दारं उघडी टाकून ओढ्यापलीकडच्या माळावर राहायला जाई. तीन दिवस गाव भुतांचं. त्या दिवसांत गावात चूल पेटायची नाही, कोंबडा आरवायचा नाही, जिवंत असं काही मागे राहायचं नाही. गाय, कुत्रं, मांजर, पोपटाचा पिंजरासुद्धा बरोबर न्यायचा. याला म्हणत गावपळण.

त्या गावात तानू नावाची एक पोरगी होती. आईबाप तापाच्या साथीत गेले तेव्हा ती जेमतेम स्वतःचं नाव बोबडं सांगण्याइतकी होती. गावाने मोठी बैठक भरवली, पानसुपारी खाल्ली आणि ठरवलं की पोर गावाची. कोणा एकावर भार नको. सोमवारी गावकराकडे जेवेल, मंगळवारी सुताराकडे, असं करत रविवारी गुरवाकडे. गावकर म्हणजे गावचा म्होरक्या. तो आल्यागेल्याला सांगायचा, "सगळ्यांची लेक आहे ती." पाहुणे माना डोलवायचे आणि आणखी एक पान जुळवायचे.

सगळ्यांची लेक असणं म्हणजे काय, ते तानूला ठाऊक होतं. एका घरी शेण काढायचं, दुसऱ्या घरी पाणी भरायचं, तिसऱ्या घरचं रडकं पोर हलवायचं आणि शेवटी भांड्याच्या तळाला लागलेला भात खरवडून खायचा. हाक मारायची तर "ए पोरी". निजायला देवळामागची पेंढ्याची खोप. तिच्या उशाशी सात घरं होती आणि एकाही घरात तिची उशी नव्हती.

त्या वर्षी देवाने कौल दिला. सोमवारी सकाळी गाव निघालं. बैलगाड्या जुंपल्या, मांजरं पोत्यात घातली, कोंबड्या टोपल्यांखाली डालल्या. तेवढ्यात गावकरीणबाईंची तुरेवाली कोंबडी निसटली.

"ए पोरी, धाव. धरून आण तिला. मागे राहिली तर भुतं गिळतील," गावकरीण ओरडली.

तानू धावली. कोंबडी बांबूच्या बेटात शिरली, तानू तिच्यामागे शिरली. काटे लागले, परकर फाटला. कोंबडी मात्र दुसऱ्या बाजूने निघाली आणि दाणे दिसले तशी आपणहून टोपलीत जाऊन बसली. गावकराने काठीने टोपल्यांवर टकटक करत मोजदाद केली. कोंबड्या बरोबर भरल्या. गुरांची शिंगं बरोबर भरली. "चला," तो म्हणाला, आणि गाव चाललं.

तानू बेटातून बाहेर आली तेव्हा गाव मोकळं झालं होतं. गाड्यांची धूळ खाली बसत होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं. पण कोणाला मारायची? काका, मामा, आजी, असं म्हणायला तिचं कोणी नव्हतंच. तिने तोंड मिटलं.

ती देवळाच्या पायरीवर बसून राहिली. भर दुपार झाली. माणसांना वाटतं भुतं रात्री निघतात. एरवी दिवसा गावात माणसं असतात म्हणून बिचारी रात्री निघतात. गाव रिकामं असलं की ती दुपारीच येतात, आपली घरं बघायला.

पहिला आला मुंजा. पिंपळावरून घसरत उतरला. डोक्याचा घेरा आणि शेंडी, कमरेला लंगोटी, आठ वर्षांचा असेल. मुंज झाली आणि लगेच मेला, तेव्हापासून तेवढाच राहिला. तानूला पाहताच तो पुन्हा झाडावर चढला आणि किंचाळला, "काकू, माणूस. काकू, इथे माणूस आहे."

विहिरीकडून हडळ आली. मोकळे केस, उलटी पावलं. तिच्यामागून चकवा आला. त्याला चेहरा नव्हता, उंचच उंच धुकं होतं नुसतं. तिघं लांब उभी राहिली. कोणीच पुढे येईना.

"चावते का ती?" मुंजाने वरून विचारलं.

"दगड मारतात ही जात. जरा मागे राहा," चकवा म्हणाला.

तानू म्हणाली, "माझ्याकडे दगड नाही."

हडळीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फाटका परकर पाहिला, काट्यांचे ओरखडे पाहिले. मग विचारलं, "जेवलीस का गं?"

सगळ्या गावात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "आज वार कुणाकडे?" असं विचारत, ते आपल्याकडे नाही ना याची खात्री करायला. तानूने नाही अशी मान हलवली. डोळे भरले, पण ती रडली नाही. रडून कोणी येतं अशी तिला सवयच नव्हती.

"नाव काय तुझं?"

तानूला क्षणभर विचार करावा लागला. "तानू," ती म्हणाली. ते नाव स्वतःच्याच तोंडून ऐकून तिला नवल वाटलं.

"चूल पेटव, तानू. माझ्या हाताला विस्तव सोसत नाही, पण कसं करायचं ते सांगेन."

"आज सोमवार. सोमवारी मी गावकराकडे जेवते," तानू म्हणाली, आणि ती सरळ गावकराच्या स्वयंपाकघरात गेली. हडळ उंबऱ्याबाहेर बसून सांगत राहिली, की तांदूळ दोन पाण्यांतून धू, वर बोटाच्या पेराइतकं पाणी ठेव, जाळ कमी कर आता. तानूने आयुष्यात पहिल्यांदा भांड्याच्या वरचा भात खाल्ला.

त्या दिवसांत तिला कळलं की भुतं गावात धुडगूस घालत नाहीत. ती आपापल्या जागी जाऊन बसतात. हडळ विहिरीजवळच्या बंद घरात जाऊन रिकामा पाळणा हलवायची. ती बाळंतपणात गेली होती. त्या दिवशी अमावास्या होती, म्हणून सुईणीला बोलवायला ओढा ओलांडायची एकाही मिशीवाल्याची छाती झाली नव्हती. चकवा चावडीच्या ओट्यासमोर उभा राहायचा. जिवंत असताना त्याने याच ओट्यावर बसलेल्यांना वाट विचारली होती. गंमत म्हणून त्यांनी त्याला दरीची वाट दाखवली, आणि तो वळल्यावर हसले.

मुंजाला सागरगोटे खेळायचे असत. "मी कधीच हरलो नाही," तो सांगायचा.

"कोणाशी खेळायचास?"

"एकटाच."

तानूने त्याला हरवलं. तो चिडला, रुसून झाडावर गेला, आणि थोड्या वेळाने खाली येऊन म्हणाला, "परत हरव."

"तुमची नावं काय?" तानूने एकदा विचारलं.

"होती. हाक मारणारं कोणी राहिलं नाही की जातात. मला 'विहिरीवरची' म्हणतात आता," हडळ म्हणाली.

चुलीचा धूर मात्र ओढ्यापलीकडे दिसायचा राहिला नव्हता. चकवा तानूला ओढ्याकाठी घेऊन गेला. करवंदीच्या जाळीआडून तिला पलीकडचं सगळं दिसत होतं. माळावर जत्रा भरली होती. गाणी चालली होती, मटणाचा वास येत होता.

"वाट मी सरळ करून ठेवली आहे," चकवा म्हणाला. "तुला जायचं तर आत्ता जा. चार उड्यांत पोचशील."

"मी गेले तर म्हणतील, अरे, ही राहिली होती वाटतं. आणि पाणी भरायला लावतील." तानूने गुडघे पोटाशी घेतले. "मला बघायचंय, कोणी येतं का."

पलीकडे गुरवाने धुराकडे बोट दाखवलं. गाणी थांबली.

"भुतांनी रांधायला घेतलं," गुरव म्हणाला.

"कोणी मागे राहिलं तर नाही?" सुतार म्हणाला.

तानू जाळीआड गुडघ्यांवर उठून बसली.

"मोजा," गावकराने हुकूम सोडला. टोपल्यांवर काठी टकटकली. शिंगं मोजली. पोपट मोजला. "सगळं बरोबर आहे," गावकर म्हणाला, आणि गाणी पुन्हा सुरू झाली.

तानू बराच वेळ तिथेच बसली. चकव्याला वाट चुकवता यायची, समजूत घालता यायची नाही. तो फक्त तिच्या अंगावर ऊन येणार नाही असा उभा राहिला. ती रोज येऊन बसली. वाट सरळ होती, मोकळी होती, पायाला खडा टोचणार नाही अशी होती. कोणी आलं नाही.

परतायचा दिवस उजाडला. ढोल वाजवत, कोंबड्या मिरवत गाव निघालं. ओढा ओलांडला, वळण घेतलं, आणि पाहतात तर पुन्हा ओढाच. परत निघाले, परत ओढा. गुरवाने तांदूळ उधळले, नारळ फोडला. परत ओढा. सूर्य डोक्यावर येऊन उतरू लागला, तशी पोरं रडायला लागली.

मग वाट बोलली. "तुमच्यातलं एक माणूस आत राहिलंय. कोण, ते सांगा आणि आत या."

गावकराने टोपल्यांकडे पाहिलं.

"माणूस म्हणालो मी," चकवा म्हणाला.

शेवटी गावकरीण हळूच म्हणाली, "मी कोंबडीमागे एक पोर धाडली होती."

"मग ती तुमच्याकडे असायला हवी. सोमवार तुमचा," सुतारीण म्हणाली.

"सोमवारी चूलच नव्हती, तर वार कसला? उरलं ते मंगळवारवाल्यांनी बघायचं."

"वा. कामाला तुमची आणि खायला आमची."

"रविवारी रात्री ती गुरवाकडे होती. त्यांनीच आणायची."

"रविवार रविवारी संपतो, बाई," गुरव म्हणाला.

"भांडण नको," गावकर खेकसला. मग वाटेकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाला, "राहिली ती सोमवारची पोर. झालं?"

"सोमवार हा वार आहे, पोर नव्हे. नाव?"

नाव कोणालाच येईना. इतकी वर्षं सात घरी जेवली, आणि एका तोंडाला तिचं नाव येईना. शेवटी गावकराने ओढ्यापलीकडे तोंड करून विचारलं, "पोरी, तुझं नाव तरी काय?"

तानू जाळीतून पुढे आली. तिच्या केसांना तेल लागलं होतं, वेणी घातली होती. बाया दचकून मागे सरल्या.

"सांगते," तानू म्हणाली. "आधी विहिरीवर जी आहे, तिचं नाव सांगा."

गावकराचा चेहरा उतरला. "तसल्यांची नावं घेत नाहीत."

गर्दीतून गावची म्हातारी सुईण, जी तेव्हा ओढ्यापलीकडे राहायची, ती काठी टेकत पुढे आली. "का रे? तिच्याच मांडीवर खेळलास ना तू? तुझी सख्खी काकू ती. मला बोलवायला तुझा बाप आला असता, तर आज नातवंडं खेळवत बसली असती. घे नाव."

गावकर खाली मान घालून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गोजरा. गोजराकाकू."

विहिरीकडून पाळणा हलल्याचा आवाज आला आणि थांबला. तानूने धावत जाऊन पाहिलं. ओल्या मातीत पावलं उमटली होती. सरळ पावलं, विहिरीपासून लांब जाणारी. पुढे ती संपत होती.

तिने हाक मारली. कोणी ओ दिली नाही. तिला जेवलीस का म्हणून विचारणारी एकच होती, आणि तिचं नाव परत मिळवून तिला तानूनेच मोकळं केलं होतं.

ती परत आली. "माझं नाव तानू," तिने सांगितलं. वाट उघडली.

मुंजाचं नाव मात्र कोणालाच आठवलं नाही. तो पिंपळावरच राहिला. चकवा तर परगावचा, त्याची चौकशीही कोणी केली नाही.

भीतीपोटी सातही घरं पुढे आली. "आमच्याकडे राहा," "छे, आमच्याकडेच." तानूने कोणाचंच ऐकलं नाही. विहिरीजवळचं बंद घर तिने उघडलं, झाडलं आणि चूल पेटवली. गावकराला दर सुगीला तिच्या दारात भात आणून ओतावा लागला. तो द्यायला नाही म्हणाला त्या वर्षी त्याला स्वतःच्या परसातून घर सापडलं नव्हतं.

तानू मोठी झाली, तरी तिच्या घरात एकाच माणसाचा आवाज असायचा. संध्याकाळी ती पारावर सागरगोटे घेऊन बसायची आणि वर बघून म्हणायची, "ये, हरवते."

गावपळण आजही होते म्हणतात. पण निघण्याआधी म्होरक्याला वेशीवर उभं राहून एकेका पोराला नावाने हाक मारावी लागते, आणि प्रत्येक पोराची ओ आल्याशिवाय कोंबड्यांच्या टोपलीला हात लावायची मुभा नाही.

बोध एवढाच की जे पोर सगळ्यांचं म्हणून सोडलं जातं ते कोणाचंच राहत नाही, म्हणून निदान एकाने तरी त्याला नावाने हाक मारावी.