वादळ झालंच नाही!

"ध्वज फाटलेला नाही, सबब वादळ झालेलं नाही!" कोठीवाले अंताजीपंत म्हणाले आणि त्यांनी कोठाराचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

समोर माडबंदरचे कोळी उभे होते. कुणाच्या घराला छप्पर उरलं नव्हतं, कुणाची होडी माडांत जाऊन अडकली होती. आणि पंत म्हणत होते, वादळ झालंच नाही!

कोठार खरं तर कोळ्यांसाठीच होतं. दरवर्षी प्रत्येक घरातून पायलीभर भात त्यात पडायचा. वादळ आलं, की कोठार उघडायचं आणि होड्या पुन्हा पाण्यात जाईपर्यंत सगळ्यांना पोटापुरतं द्यायचं, असं आताच्या भैरवराजाच्या आजोबांनी ठरवून दिलं होतं. वादळ कशाला म्हणायचं, तेही ठरलेलं होतं. राजवाड्यावरचा ध्वज वाऱ्याने फाटला, की ते वादळ!

पुढे कुणा स्वामिनिष्ठ पहारेकऱ्याला वाटलं, राजाचा ध्वज फाटणं हा केवढा अपशकुन! तेव्हापासून वारा जरा वाढला, की ध्वज उतरवायचा, घडी घालायची, अत्तर लावायचं आणि पेटीत ठेवायचा, अशी रीत पडली. त्यामुळे गेल्या दोन पिढ्यांत माडबंदरला एकही वादळ झालं नव्हतं. इतका गरीब स्वभावाचा समुद्र जगात दुसरा नसेल!

कोळ्यांत चांगुणा होती, तांडेलाची म्हणजे होडीच्या म्होरक्याची सून. रोज राजवाड्याच्या मागच्या दारी मासळी विकायला जायची, त्यामुळे मोठ्या माणसांची तिला फारशी भीती उरली नव्हती. घरी तिचं पोर पेजेसाठी रडत होतं आणि पेजेला घरात दाणा नव्हता. ती तडक दरबारात गेली.

"म्हाराज, कोठार उघडा. नायतर होड्या दुरुस्त होईस्तवर आमची पोरं जगायची नायत!"

"फुकटचा भात मिळणार म्हटल्यावर तुम्ही रोजच वादळ झालं म्हणाल!" राजा म्हणाला.

"फुकटचा कसा, म्हाराज? आमचाच हाय की!"

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. राजाला राग आला.

"ठीक आहे! उद्या साक्षीदार आण. मात्र कोठारातला एक दाणाही ज्याला मिळणार नाही, असा हवा. आणि त्याच्या शब्दावर शंका घेण्याची या दरबारात कुणाची छाती होता कामा नये! नाही आणलास, तर पुढच्या वर्षीपासून घरटी दोन पायल्या!"

अंताजीपंतांना हे फारच आवडलं. असा माणूस या मुलखात कुठला मिळायला!

दुसऱ्या दिवशी चांगुणा एकटीच आली. काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"साक्षीदार कुठाय?" राजाने विचारलं.

"येतोय, म्हाराज. त्याआधी आमचा एक गुन्हा पोटात घाला." तिने फडकं सोडलं. आत लाकडी मोराचं मुंडकं होतं, सोनेरी रंगाचं.

राजा सिंहासनावरून उठलाच. "हा तर माझ्या नावेचा मोर!"

राजाची जलविहाराची लाडकी नाव कोळीवाड्याच्या खाडीत बांधलेली असायची. तिची राखण कोळ्यांकडे होती.

"बाकीची नाव कुठाय?"

"एवढीच उरली, म्हाराज. परवा रात्री आम्ही निवांत निजलो. सकाळी बघतो, तर फळ्या तरंगतायत! लाट नाय, वारा नाय. कसं झालं, देव जाणे. पंतांना इचारा की, समुद्र गपच होता ना?"

पंत अडकले. "हो, म्हणजे... ध्वज शाबूत आहे, त्या अर्थी गपच होता. यांनीच फोडली असणार, महाराज!"

"निवांत निजलात?" राजा कडाडला. "परवा रात्री? अगं, माझ्या महालाची कौलं उडत होती! दारं मोडून पडली! मी आणि राणीसाहेब पहाटेपर्यंत पलंगाखाली बसून होतो! असलं वादळ मी जन्मात पाहिलं नाही, आणि तू म्हणतेस..."

राजा मध्येच थांबला.

चांगुणेने हात जोडले. "आला साक्षीदार, म्हाराज! कोठारातला दाणा त्याला मिळायचा नाय. आणि त्याच्या शब्दावर शंका घेणारा कुणी असंल, तर त्यानं पुढं यावं."

तिने पंतांकडे पाहिलं. पंत छताकडे पाहू लागले. तिथेही कौलं नव्हती.

राजाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मिशा थरथरू लागल्या. "उघडा कोठार!" तो म्हणाला. मग जरा पुढे वाकून हळूच विचारलं, "आणि माझी नाव? तीही वादळातच गेली की! मला काही नाही?"

"दाणा घेतलात, तर साक्ष बाद होईल, म्हाराज! आणि तुमच्या घरची पायली कधी पडलीय का कोठारात?"

आता मात्र राजा पोट धरधरून हसला. हसता हसताच त्याने चांगुणेला नवीकोरी होडी बक्षीस दिली आणि ध्वजाला यापुढे हात लावायचा नाही, असा हुकूम सोडला. राजवाड्याची पहिली पायलीही त्याच दिवशी कोठारात पडली. अंताजीपंतांनी ती स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेली.