शिडी आणि लाल चिंधी

गावात डांबरी रस्ता नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. भिवाजी रंगाऱ्याच्या टेम्पोवर चढून, पुढे-मागे दोरीने बांधून घेऊन शिडी पहिल्यांदाच शहराला निघाली होती आणि आनंदाने नुसती थरथरत होती! तिच्या मागच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी फडफडत म्हणाली, "मला बघून सगळे लांबच राहतात. मग तुला दोरी कशाला हवी?"

शिडीला पटलं. अंग हलवून हलवून तिने दोरीची मागची गाठ सोडवलीच!

तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. शिडी उसळून सर्रकन मागे घसरली. मागे सायकलवर एक मुलगी!

"चिंधे, धर मला!" शिडी किंचाळली.

"मी कशी धरू गं? मीच तुझ्या जिवावर लटकलेय!"

पुढच्या एकुलत्या गाठीने जीव खाऊन शिडीला रोखलं. भिवाजी टेम्पो थांबवून धावत आला, तेव्हा शिडीच ओरडली, "आवळा भिवाजीदादा, अजून आवळा!"