खडखडणारा पंखा आणि पाल

कॉम्प्युटरचे डबे ट्रंकेएवढे असायचे, तेव्हाची गोष्ट. शकूताईंच्या टायपिंगच्या दुकानात असे दोन डबे शेजारी शेजारी होते. दोघांच्या पाठीला वीज पुरवणारी पेटी, आणि ती गार ठेवायला आत एकेक पंखा. डावा पंखा दिवसभर खडखडायचा. उजव्याचा आवाज म्हणून नाही.

भिंतीवरच्या पालीला अंडी घालायला जागा हवी होती. डाव्याला ती म्हणाली, "मेल्या, तुझ्या खडखडाटात माझी पोरं बहिरी निपजतील!"

"दांडा झिजलाय बाई, खोटं कशाला बोलू? पण वारा देतो," डावा म्हणाला.

उजवा हसला. "इकडे ये गं. शांत आहे, ऊबही आहे. चांगल्या पंख्याचा आवाज येतच नाही."

पाल निघालीच होती, पण तिला प्रश्न पडला, पंख्यापाशी ऊब कुठून आली?

त्या दिवशी खंडेनवमी होती. शकूताईंनी दोन्ही डब्यांना झेंडू वाहिला आणि मागे एकेक उदबत्ती खोचली. पालीने मान वाकडी करून पाहिलं. डाव्यामागचा धूर भिंतीकडे पळत होता. उजव्यामागचा सरळ वर चढत होता.

"काय रे, फिरतोस ना?"

"असलं विचारतात का सज्जन माणसाला?"

तिने जाळीतून शेपटीचं टोक आत घातलं. पातं जागचं हललं नाही, टोक मात्र चांगलंच पोळलं.

"सज्जन कसला, मेलायस तू! माझी अंडी उकडली असती की!"

संध्याकाळी उजव्या डब्यातून जळका वास आला आणि दुकानात धावपळ उडाली. तोवर पालीने डाव्यामागच्या फटीत अंडी घातली होती. पुढे कधी खडखड क्षणभर थांबली, की ती दचकून मान वर करायची. पुन्हा सुरू झाली, की निवांत अंड्यांशी जाऊन बसायची.