माजघरातली लाल भिंत

खूप जुन्या काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्या गावाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही.

त्या गावाच्या नदीकाठी पांढरीशुभ्र माती सापडायची. सणवार आला, की बायका ती माती पाण्यात कालवून भिंती पोतारायच्या. आतून पांढरं, बाहेरून पांढरं. दुरून पाहणाऱ्याला वाटायचं, टेकडीखाली बगळ्यांचा थवा उतरलाय. गावाला त्याचा मोठा अभिमान होता.

या गावात हौसा नावाची मुलगी सून म्हणून आली. तिचं माहेर डोंगरापलीकडे, तांबड्या मातीच्या मुलखात. सासरी माणसं तीनच : ती, तिचा नवरा म्हाळू आणि सासरे गोंदाजी.

गोंदाजी म्हणजे एकेकाळी गावाचा जीव. पारावर बसून ते बोलू लागले, की हसून हसून लोकांच्या पोटात दुखायचं. पण म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांत धुकं उतरलं. पांढऱ्या घरात त्यांना भिंत कुठली नि दार कुठलं, काही उमगेना. दोनदा कपाळाला टेंगूळ आलं. एकदा तर पाण्याचा हंडाच लवंडला. तेव्हापासून त्यांनी माजघरातली बाज सोडली नाही.

"पारावर नेऊ का, आबा?" म्हाळू विचारायचा.

"हात धरून नेलेला माणूस काय गोष्टी सांगणार?" म्हणत ते कूस बदलायचे. त्यांचं बोलणं कमी झालं. मग जेवणही कमी झालं.

हौसाच्या जिवाला ते लागलं. एके सकाळी तिनं आपलं माहेरचं तांबडं लुगडं माजघरात दाराशेजारच्या खुंटीवर टाकलं आणि ती चुलीकडे वळली. मागून पावलं वाजली. बघते तर गोंदाजी बाजेवरून उठून सरळ चालत आलेले! लुगड्यावर हात ठेवून ते उभे होते.

"सूनबाई, हे लाल आहे ना गं?"

"हो मामंजी, लालच आहे. दिसतंय तुम्हाला?"

"एवढंच दिसतंय," ते म्हणाले. "बाकी सगळं ताकासारखं."

हौसानं त्या दिवशी स्वयंपाक कसा केला, तिचं तिलाच ठाऊक. भाजीत मीठ पडलं नाही, पण डोक्यात बेत शिजला. माहेरी जाऊन ती गोणीभर काव घेऊन आली. काव म्हणजे डोंगरातली लाल माती. भिंतीला लावली, की पळस फुलल्यासारखी दिसते.

वाटेत पाटील भेटले. "गोणीत काय, पोरी?"

"काव आहे. माजघर रंगवणार."

पाटलांच्या भुवया वर गेल्या. "लाल भिंत? अंगावर धावून येईल! या गावात कुणी असलं केलं नाही. तू केलंस, तर सणाची पंगत तुमच्या घरी बसणार नाही, सांगून ठेवतो."

हौसाला भीती वाटली. पंगत न बसणं म्हणजे गावानं पाठ फिरवणं. पण बाजेवरचे गोंदाजी तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिनं गोणी घट्ट धरली.

घरी आली, पदर खोचला, पोतेरं हातात घेतलं आणि सुरुवात केली. पहिली भिंत लाल झाली. ती इतकी देखणी दिसली, की हौसाला राहवेना. तिनं दुसरी रंगवली, तिसरी रंगवली, चौथीही रंगवली. कोनाडे रंगवले. धान्याची कणगी रंगवली. काव उरली म्हणून चुलीलाही हात दिला.

म्हाळू शेतातून आला आणि उंबऱ्यातच थबकला. "अगं, हे घर आहे की कापलेलं कलिंगड?"

"तुम्ही गप्प बसा हो," हौसा म्हणाली. तिच्या नाकावरसुद्धा काव होती. "मामंजी, उठा बघू. आता तुम्हाला सगळं दिसेल."

गोंदाजी उठले. चेहरा उजळला. "लाल! लालच लाल!" म्हणत ते झपझप निघाले, कुणी हात देण्याआधीच दाराबाहेर पडले. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "राम राम! कोण तुम्ही? अंगावर एवढे केस कसे हो?"

म्हाळू नि हौसा धावले. गोंदाजी अंगणात नव्हतेच. मागच्या दारानं ते गोठ्यात शिरले होते आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिची विचारपूस करत होते.

म्हाळू हसू लागला. हौसाला मात्र रडू फुटलं. "एवढं केलं आणि सगळं वाया गेलं."

"रडतेस कशाला?" गोंदाजींनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आधी मी पांढऱ्या धुक्यात होतो, आता लाल धुक्यात आहे. रंग चुकला नाही, पोरी. जास्त झाला. एका पंगतीत सगळेच ओरडायला लागले, तर वाढप्यानं कुणाचं ऐकायचं?"

हौसानं डोळे पुसले आणि वाटेत पाटील काय म्हणाले तेही सांगून टाकलं. मग तिघांनी मिळून नदीची पांढरी माती कालवली. अंगणाच्या दाराची भिंत तेवढी लाल ठेवली आणि बाकी सारं पुन्हा पांढरं केलं. गोंदाजींनी स्वतः एक कोनाडा पोतारला. निम्मी माती त्यांच्या दाढीला लागली, पण किती दिवसांनी ते हसत होते!

भिंती वाळल्या. गोंदाजी बाजेवर बसले. समोर लाल भिंत होती आणि तिच्या मधोमध उजेडाचा चौकोन. ते उठले, सरळ चालत गेले आणि अंगणात पोचले. कुणाचाही हात न धरता.

नेमके तेव्हाच पाटील जाब विचारायला फाटकातून आत येत होते.

"या, पाटील!" गोंदाजी लांबूनच म्हणाले.

पाटील चकित झाले. "आबा, तुम्ही मला ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? गावात लाल भिंत नको म्हणता, आणि डोक्यावर एवढं लालभडक पागोटं मिरवता!"

पाटलांनी हात पागोट्याकडे नेला, क्षणभर ओशाळले आणि मग असे हसले, की गोठ्यातली म्हैससुद्धा वळून बघू लागली. ते आत गेले, लाल भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा हळूच म्हणाले, "सूनबाई, आमच्या ओसरीला शोभेल का गं अशी एखादी भिंत?"

"शोभेल की. पण एकच हं, पाटील!"

त्या वर्षी सणाची पंगत हौसाच्याच अंगणात बसली. पुढं घरोघरी एकेक भिंत रंगली. कुणाची हळदीची पिवळी, कुणाची निळीची निळी. आणि ओसऱ्यांवरच्या त्या रंगांच्या खुणेनं गोंदाजी रोज सकाळी आपल्या पायांनी पारावर जाऊन बसू लागले. ऐकणाऱ्यांची पोटं पुन्हा दुखू लागली.

तात्पर्य : धीट रंग जरूर लावावा, पण त्याच्याभोवती साधेपणाला जागा ठेवावी. सगळंच उठून दिसायला गेलं, की काहीच दिसत नाही.