घरचं बोळकं

एकदा एक पाथरवट नारळ घेऊन आपल्या गुरूंच्या दारी आला. चार गावची जाती-पाटे टाकवावेत, बोथट दगडाला टाकीने ठोकून पुन्हा दात पाडावेत, तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. म्हातारे गुरू अंगणात उन्हाला बसले होते.

"बाबा, घरातली अडून राहिलेली सगळी कामं उरकली," तो म्हणाला. "दाराची कडी बसवली, बाजेला नवा सुंभ विणला, न्हाणीतला डुगडुगता दगड सरळ केला. आता जातं तेवढं राहिलं. आज त्याला टाकी लावतो. तुम्ही या, दाण्यांची मूठ तुमच्या हातची पडू द्या."

"अरे, मग इतकी वर्षं काय करत होतास?"

पाथरवटाने मान खाली घातली. "लोकांची जाती टाकवत होतो. आमची ही, गोजरा, आधी रोज टोकायची. म्हणायची, गावाच्या जात्यांना दात आणि घरचं बोळकं. मी हसायचो, उद्या करू म्हणायचो. आता तिचा खांदा गेलाय, हात वर होत नाही. पण जातं हलकं झालं की ती पुन्हा बसेल. दळताना फार गोड गायची, बाबा. कैक वर्षांत ऐकलं नाही. तेवढं एकदा कानावर पडावं."

गुरू काठी टेकत त्याच्या घरी आले. पाथरवटाने जात्याचा वरचा दगड उतरवायला हात घातला, तशी गुरूंनी काठी आडवी धरली.

"थांब. आधी सूपभर जोंधळे दळ."

"या बोथट जात्यावर? बाबा, आधी टाकी लावतो ना, मग..."

"याच जात्यावर. आणि दळता दळता गा."

गुरूंची आज्ञा. तो बसला. खुंटा धरून ओढू लागला. दगडावर दगड नुसता घसरत होता. एक ओळ कशीबशी म्हटली, दुसरीच्या मध्यावर श्वास तुटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. घाम नाकावरून ओघळला. खाली बघतो तर पीठ कसलं, भरड.

दारात उभी राहून गोजरा बघत होती. "तीच भरड पुन्हा घाला जात्याच्या तोंडात," ती म्हणाली. "दोनदा दळल्याशिवाय त्याची भाकरी थापत नाही."

पाथरवटाचा हात खुंट्यावर थांबला. "गाणं बंद झालं तेव्हा मला वाटलं, वय झालं हिचं."

गुरू हळू आवाजात म्हणाले, "ती मागत होती तोवर तू उद्यावर ढकललंस. मग ती मागेनाशी झाली आणि तुला हायसं वाटलं. बाळ, मागणं थांबलं म्हणजे गरज सरली असं नव्हे. तू केलं नाहीस ते काम पडून राहिलं नव्हतं. ते रोज पहाटे ही करत होती, आपल्या खांद्याने. ते आज तुला दाखवल्याशिवाय टाकी हातात द्यावी, असं मला वाटेना."

मग पाथरवटाने जातं टाकवलं. असं काम त्याने उभ्या जन्मात कुणाचं केलं नसेल. पहिली मूठ दळून, दगडाची कच निघते म्हणून टाकून दिली. दुसरी गुरूंनी घातली. जातं फुलासारखं फिरू लागलं.

गोजरा समोर येऊन बसली. उजवा हात खुंट्याकडे नेला. तो अर्ध्यावर थांबला. तिने तो मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने दाणे सोडू लागली.

"हलकं झालं हो," ती म्हणाली.

"गोजरा, मी ओढतो. तू नुसती गा."

तिने खरंच आठवून पाहिलं. ओठ हलले, मिटले.

"हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही हो मला," ती म्हणाली.

गुरू काठी टेकत उठले. पाथरवट सूप रिकामं होईस्तोवर दळत राहिला. पीठ मऊ पडत होतं, आवाज तेवढा जात्याचाच होता.

आपल्या घरातही एखादी मागणी हल्ली ऐकू येईनाशी झाली असेल, तर दिवस मावळायच्या आत उठून बघावं, ती कुणाच्या अंगावर पडली आहे.