साळूची हाक

नदीकाठच्या मुलखात एकदा एक शाहीर होता. राजांच्या लढाया तो फारशा गात नसे. स्वतःच्या आयुष्यात घडलेले तेवढेच गाई. त्यातल्या एका पोवाड्यासाठी लोक लांबून येत. त्याची साळू नावाची लहान मुलगी पुराच्या दिवसांत नावेत बसली होती. दोर तुटला, नाव धारेला लागली आणि शाहीर हाका मारत काठाने धावत राहिला. एवढीच त्या पोवाड्याची कथा. अखेरीस डफ छातीशी धरून तो 'साळूऽऽ' अशी हाक देई, तेव्हा माळावर बसलेल्या माणसांच्या अंगावर काटा येई.

ती हाक शिकण्यासाठी एक तरुण घर सोडून त्याच्याकडे आला. निघताना बाप म्हणाला होता, "जातोस तर जा. पण दुसऱ्याच्या मागं उभा राहून त्याच्या सुराला झील धरणारा होऊन परत येऊ नकोस."

शिष्य मनापासून शिकत होता. पण त्याच वर्षांत शाहिराचे गाणेच बदलत गेले. आवाज खाली आला. डफ त्याने शिष्याच्या हाती दिला आणि स्वतः तुणतुणे घेतले. साळूचे गाणे नव्याने बांधले. त्यात पूर नव्हता, हाक नव्हती, अंगणात खेळणारी एक मुलगी होती. गाण्याआधी डफ विस्तवावर शेकायचा, म्हणजे कातडे ताणले जाते आणि थाप कडाडते, ही त्या कलेतली जुनी रीत. शाहीर आता म्हणे, "शेकू नकोस. आहे तसाच राहू दे." शिष्याला याचा अर्थ लागेना. वस्ताद थकले, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

एका जत्रेत गावच्या पाटलांनी शिष्याला बाजूला घेतले. "गेल्या साली अर्धा माळ उठून गेला. औंदा जुनी हाक झाली नाही, तर पुढच्या जत्रेला दुसरा शाहीर बघू. सांग तुझ्या म्हाताऱ्याला."

शिष्याने सांगितले नाही. त्याने गुपचूप डफ भटारखान्यात नेऊन चांगला शेकून घेतला.

पहिली थाप कडाडली, तसे शाहिराने एकदा वळून पाहिले आणि तो हळू आवाजात गाऊ लागला. लोक चुळबुळू लागले. कुणी ओरडले, "शाहीर, पोवाडा म्हणताय का पोरं निजवताय?" दुसरा म्हणाला, "सुंठ द्या रे कुणी, घसा बसलाय त्यांचा!" हशा पिकला. शिष्याला ते सहन झाले नाही. डफ छातीशी धरून तो पुढे झाला आणि त्याने ती हाक दिली. बायांनी पदर डोळ्यांना लावले, पुरुष उठून उभे राहिले आणि पाटलांनी स्वतः येऊन शिष्याच्या डोक्याला फेटा बांधला. शाहीर तुणतुणे मांडीवर ठेवून शांत बसून होता.

दुसऱ्या सकाळी दोघे वाटेला लागले.

"सूर चोख लागला तुझा," शाहीर म्हणाला.

"वस्ताद, चुकलो मी."

"चुकलास कुठं? वर जाताना थरथरलास, मग श्वास तोडलास. हुबेहूब मी. एक सांग, हाक मारताना मनात कोण होतं?"

खोटे बोलणे सोपे होते. पण शिष्याला ते जमले नाही. "कुणी नव्हतं. पाटलांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांना पटतंय का ते."

शाहीर हसला. "माझंही तसंच व्हायला लागलं होतं. एका गावी मी हाक मारली, बाया रडल्या, आणि माझ्या मनात आलं, आज जेवायला पिठलं असेल का? त्या दिवशी मी भ्यालो. पहिल्यांदा ती हाक खरी होती बाळ. नाव लांब चालली होती, आणि लांब जाणाऱ्याला मोठ्यानंच हाक मारावी लागते. आता साळू कुठं लांब आहे? भाकरी खाताना असते, वाटेनं चालताना असते. शेजारी बसलेल्या पोरीच्या कानात कुणी ओरडतं का? आणि त्या पोवाड्यात तिचं जाणं तेवढं होतं. माझी पोर कशी बुडाली ते साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. ती कशी होती, ते कुणालाच ठाऊक नाही."

वाट फुटत होती तिथे तो थांबला. "तू ज्यासाठी आलास ते तुला मिळालं. फेटाही मिळाला. घरी जा, बापाला दाखव. रागानं नाही म्हणत. ही हाक गावोगाव चालेल."

शिष्य उभा राहिला. त्याला घराची वाट दिसत होती. इतकी वर्षे तो ते नाव रोज घोटत आला होता. कुठे चढवायचे, कुठे तोडायचे, सारे त्याने विचारून घेतले होते. एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

"वस्ताद, कशी होती हो साळू?"

शाहीर वाटेकडच्या दगडावर बसला. "हट्टी. पायात काटा मोडला तर काढू द्यायची नाही. म्हणायची, आधी तुमचा काढा. माझ्या पायात काटा नसायचा. तरी मी पाय पुढं करायचो..."

तो इतक्या हळू बोलत होता, की ऐकण्यासाठी शिष्याला खाली, त्याच्या अगदी जवळ बसावे लागले.

पुढच्या जत्रेला त्या गावाने दुसरा शाहीर बोलावला. शिष्याने बापाला निरोप धाडला, की यायला अजून अवकाश आहे, आणि तो वस्तादामागे उभा राहून झील धरत राहिला. साळूचे नाव त्याच्या तोंडून आता ओळखीच्या मुलीचे यावे तसे येई.