पारव्याच्या मानेवरचा नायक

पूर्वी वाराणसीत क्षेमंकर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पारव्याच्या पंखात, उवांच्या कुळात जन्मला होता. रक्त पिणाऱ्या उवा निराळ्या. या पिसे कुरतडून खाणाऱ्या. पारवा राजवाड्याच्या स्वयंपाकघराच्या वळचणीला राहत असे.

त्या पारव्यावरच्या उवांचा नायक पृथुल. त्याचा मुक्काम मानेवर. मानेपर्यंत पारव्याची स्वतःची चोच पोचत नाही, त्यामुळे तिथली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त, गोलमटोल आणि जराशी शिष्ट झाली होती. पंखातली मंडळी मात्र सडपातळ. सकाळ-संध्याकाळ पारवा चोचीने पिसे साफ करू लागला की ती पिसांच्या तंतूंमधल्या फटीत अंग चोरून पडत, आणि पृथुल वरून ही गंमत पाहत बसे. कोणी चोचीत सापडले तर तो हळहळे आणि मग जेवायला बसे.

वाडवडिलांचा एक दंडक होता : अंगावरची मऊ पिसे खावीत, उडायच्या पिसांना तोंड लावू नये.

एके दिवशी उखळातला दाणा टिपताना पारव्याच्या चोचीचे टोक मोडले. संध्याकाळी चोच पंखावरून फिरली, पण एकही ऊ तिच्यात अडकली नाही. ही बातमी मानेवर पोचली तेव्हा पृथुलला मुळीच नवल वाटले नाही. आपल्या पुण्याईने कधीतरी असे होणारच, हे तो धरूनच चालला होता. त्याने सभा भरवली, चोचीचे राज्य संपल्याचे जाहीर केले आणि त्या आनंदात जुना दंडकही मोडीत काढला.

मग काय विचारता! जो तो खात सुटला. पिसापिसावर लिखा दाटल्या. मऊ पिसे संपली तशी उडायच्या पिसांना भोके पडू लागली, आणि त्यांतले उत्तम तुकडे रोज नायकाच्या ताटात येऊ लागले. पारवा थंडीने काकडू लागला. अंगणात उतरायचे तरी त्याला धाप लागे. समोरच्या कळसावर हल्ली एक ससाणा येऊन बसत होता.

बोधिसत्त्व मानेवर आला. म्हणाला, "नायक, पारवा खचत चालला आहे. आता हात आवरता घ्यायला हवा."

"अरे बाबा, केवढा थोरला पारवा हा. सात पिढ्यांनी खाल्ला तरी सरायचा नाही."

"आणि सरला तर?"

"तर दुसऱ्या पारव्यावर जाऊ."

"दुसऱ्याची चोच शाबूत आहे, नायक."

जेवताना असले विषय काढू नयेत, एवढेही या पंखातल्या लोकांना कळत नाही, असे पृथुलला वाटले. त्याने पुढचा घास घेतला.

बोधिसत्त्व परत गेला. दोन्ही पंखांच्या टोकांशी तीन-तीन पिसे अजून धड होती. तिथे त्याने आपल्या भाईबंदांना राखणीला बसवले. ती सारी पारव्याच्या अंगाचा कोंडा खाऊन राहू लागली. त्यांची पोटे पाठीला लागली, पण एकाही पिसाला त्यांनी तोंड लावले नाही.

इकडे मानेवरचे खाणे संपले. टोकाला अजून कोरी पिसे आहेत, हे कानावर येताच पृथुल लवाजमा घेऊन निघाला. आयुष्यात तो प्रथमच मान सोडून बाहेर पडत होता. धापा टाकीत तो पोचला आणि म्हणाला, "ही पिसे आम्हांला हवीत."

बोधिसत्त्व रागावला नाही. "घ्या, नायक. फक्त पारवा उडू लागेपर्यंत थांबा आणि मग खा. आपण खातो ती वस्तू कशाच्या उपयोगी पडते, हे एकदा पाहून घ्यावे."

पृथुलला यात वावगे काही दिसले नाही. जेवणाबरोबर फिरणेही होणार होते. पारवा पाणी प्यायला अंगणात उतरलेला होता. पृथुल एका पिसावर ऐसपैस बसला आणि तोंड उघडून वाट पाहू लागला.

तेवढ्यात ससाण्याने झेप घेतली आणि पारवा उडाला.

उडणे म्हणजे थोडा वारा लागणे, एवढीच आजवर पृथुलची समजूत. इथे पंख वर गेला की आभाळ दिसे, खाली आला की अंगण. शेजारच्या पिसांच्या भोकांतून वारा नुसताच निघून जात होता. पारवा जीव तोडून पंख मारी आणि तरी खाली येई. ससाण्याची सावली त्याच्या पाठीवर पडली. मान, पाठ, लिखा, प्रजा, सगळे त्या सहा पिसांच्या भरवशावर होते.

पृथुलने तोंड मिटले आणि सहाही पायांनी पीस घट्ट धरले. "बाबा रे, हे पीस टिकेल ना?"

"कोणी खाल्ले नाही तर टिकेल," बोधिसत्त्व म्हणाला.

पीस टिकले. पारवा कसाबसा धुराड्याच्या फटीतून आत शिरला. ससाण्याच्या नखांत शेपटीचे एक पीस आले. त्यावरही खाण्यासारखे काही उरले नव्हते.

आत अंधारात पारवा थरथरत बसला. त्याच्या काळजाचे ठोके पंखाच्या टोकापर्यंत येत होते. जन्मभर त्याच्या अंगावर राहून पृथुलने ते कधी ऐकले नव्हते. त्याला फार लाज वाटली.

नवी पिसे येईपर्यंत सर्वांनी कोंडा खाऊन राहावे, असा हुकूम त्याने त्याच दिवशी काढला. कुरकुरला तोच सर्वांत जास्त, पण व्रत त्याने मोडले नाही. तो वाळला आणि पंखातच राहू लागला. हळूहळू पारव्याच्या चोचीला टोक आले. एका सकाळी ती पूर्वीसारखी सरसर करीत पंखावरून फिरली, तेव्हा बोधिसत्त्वाशेजारी फटीत पडलेल्या पृथुलने विचारले, "आली का?"

"आली."

"बरे झाले," पृथुल म्हणाला आणि आणखी अंग चोरून पडला.

समोर बसलेल्या भिक्षूंना ही गोष्ट सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पृथुल तो आता हा भिक्षू कुंडिल. तो पारवा म्हणजे वेशीजवळची विणकरीण सोमा. हिच्या दारी कुंडिल तीन महिने रोज तूप मागतो आहे. पिसे राखीत उपाशी बसलेला तो जीव मी होतो. आपल्या घासाचे माप आपण ओळखावे, आणि ते देणाऱ्याकडे पाहून ओळखावे; हीच मात्रज्ञता."

दुसऱ्या दिवशी सोमा वाटी घेऊन दारात उभी होती. मडके खरवडून काढलेले तूप जेमतेम वाटीच्या तळाशी होते. कुंडिलने प्रथमच वाटीवरून नजर उचलून तिच्या तोंडाकडे पाहिले. ते फार सुकले होते.

"उपासिके, हे तू खा," तो म्हणाला आणि पात्र झाकून पुढच्या दाराकडे चालू लागला.